लेकरांच्या घरातला रमजान

रमजानचा चाँद दिसायच्या आधीच परभणीतल्या बहुतेक मुस्लिम घरांत एक कागद येऊन पडतो. सहरी आणि इफ्तारच्या वेळांचं ते छापील वेळापत्रक असतं. कधी कापडाचं दुकान ते छापतं, कधी औषधांचं, कधी एखादा मदरसा. तीस ओळी आणि प्रत्येक ओळीत तारीख, वार, सहरी संपण्याची वेळ, रोजा सोडण्याची वेळ. मिनिटाच्या हिशेबानं चालणारा असा महिना वर्षात दुसरा नाही. पहाटे ठरलेल्या मिनिटाला पाण्याचा पेला खाली ठेवायचा आणि संध्याकाळी ठरलेल्या मिनिटाला खजूर तोंडात टाकायचा.

हा कागद फ्रिजवर नाहीतर स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला जातो. ज्या घरात लहान मुलं आहेत, तिथं मात्र त्याच्या शेजारी न छापलेलं आणखी एक वेळापत्रक चालू असतं. दीड वर्षाची मुलगी सहरीच्या ऐन वेळी उठून बसते. पाच वर्षांच्या मुलाला इफ्तारला पाच मिनिटं उरलेली असतानाच शी लागते. आठ वर्षांच्या मुलीचा गृहपाठ तरावीहच्या वेळी आठवतो.

रमजानबद्दल दरवर्षी पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. रोज्याचं महत्त्व, जकात, बाजारातली गर्दी, शिरखुर्मा. या गर्दीत तिशी-चाळिशीतल्या आईबापांचा रमजान दिसत नाही. दिवसभराची भूक-तहान त्यांच्या सवयीची झालेली असते. त्यांची खरी परीक्षा वेगळ्या ठिकाणी असते, आणि ती मुलं घेतात.

चार वाजताचं घर

शहरातल्या एका घराचं उदाहरण घेता येईल. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, सोबत सत्तरीची दादी. मुलं तीन. मोठी आठ वर्षांची, मराठी शाळेत तिसरीत. मधला पाच वर्षांचा. धाकटीला दीड वर्ष.

रोजे तिघा मोठ्यांचे, पण पहाटे चारला जागं सगळं घर होतं. आई आधी उठते. खिचडी आणि खट्टा करते, रात्रीचा खिमा गरम करते. दुधात भिजवलेली फेणी हा मुलांचा खास पदार्थ. मधल्यानं आदल्या रात्री बजावलेलं असतं की मला सहरीला उठवा. उठवलं तर तो ताटावर पेंगतो, आणि न उठवलं तर दिवसभर त्याचं रडगाणं चालतं की सगळ्यांनी फेणी खाल्ली, मलाच उठवलं नाही. म्हणून त्याला उठवतात. तो डोळे मिटून फेणी खातो, झोपतो, आठ वाजता उठून पोहे खातो आणि शेजारच्या काकूंना जाऊन सांगतो, "मेरा रोजा है."

काकू गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "मग ओठाला पोहे कसे लागले रे?"

"वो दूसरी दाढ के हैं," तो म्हणतो.

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत हे उत्तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लहान मुलांची समजूत काढायला मोठी माणसं सांगत आली आहेत की एका दाढेनं रोजा ठेवायचा आणि दुसऱ्या दाढेनं खायचं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे चिडियाचा रोजा, चिमणीएवढा. सकाळी सुरू करायचा आणि दुपारी जेवून सोडायचा. मुलाला मोठ्यांच्या पंगतीत बसल्याचं समाधान मिळतं आणि पोटही रिकामं राहत नाही.

काकूंना यात नवल वाटत नाही. त्यांच्या नातवाला आषाढी एकादशीचा उपवास फार प्रिय आहे, कारण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याचे वेफर्स असतात. हरतालिकेला त्या स्वतः पाणीही घेत नाहीत, तेव्हा त्यांची नात दर तासाला येऊन विचारते, "आजी, आता तहान लागली का?" धर्म कुठलाही असो, उपवासाकडे मुलं आधी पदार्थांच्या दारातून येतात. मागचा अर्थ त्यांना हळूहळू कळतो, आणि तो त्यांना घरातली मोठी माणसं काय करतात ते पाहून कळतो.

"तुम रोजे में बहोत चिल्लाते"

आईला या महिन्यात टोचलं ते हेच. रोजा फक्त पोटाचा नसतो, डोळ्यांचा, कानांचा आणि जिभेचाही असतो, हे तिनं लहानपणापासून ऐकलं आहे आणि मुलांनाही सांगितलं आहे. खोटं बोलायचं नाही, चहाडी करायची नाही, कुणावर ओरडायचं नाही. एका संध्याकाळी भजी तळताना, धाकटी पायाला बिलगलेली आणि मधल्यानं सरबताचा जग सांडलेला असताना, मोठी शांतपणे म्हणाली, "अम्मी, तुम रोजे में बहोत चिल्लाते."

आईनं दुसऱ्या दिवशी एक प्रयोग केला. मुलांवर आवाज चढला की तसबीहचा एक मणी सरकवायचा. तेहतीस मण्यांची ती तसबीह असरच्या नमाजेच्या आधीच संपली. तिनं ती मुकाट्यानं गुंडाळून ठेवली.

चिडचिड फक्त भुकेची नव्हती. लग्नाआधीचा रमजान तिला आठवत राहायचा. तेव्हा दिवसाला एक सिपारा वाचून महिन्यात कुरआन पूर्ण व्हायचं, रात्री निवांत नमाज व्हायची. आता पान उघडलं की धाकटी ते पकडायला धावते. सजद्यात गेलं की मधला पाठीवर चढतो. रमजान येतो, घर सांभाळण्यात जातो आणि आपल्या वाट्याला इबादत म्हणून काहीच उरत नाही, अशी खंत तिच्या मनात घर करून बसली होती. लहान मुलांच्या अनेक आयांची ही खंत असते. पण ती बोलून दाखवणं त्यांना अवघड जातं, कारण मुलांबद्दल तक्रार केल्यासारखं वाटतं.

मोहल्ल्यातल्या बायकांच्या इज्तेमात तिच्या कानावर पुन्हा काही जुन्या गोष्टी आल्या. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की हजरत मुहम्मद पैगंबर (स.) नमाज पढवत असताना एखाद्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला, तर ते नमाज आटोपती घेत, कारण मागे उभ्या असलेल्या त्या बाळाच्या आईचा जीव कासावीस होत असेल. आपली नात उमामा हिला कडेवर घेऊन त्यांनी नमाज अदा केल्याचीही नोंद आहे. सजद्याला जाताना तिला खाली ठेवायचं, उठताना पुन्हा उचलून घ्यायचं. एकदा नातू पाठीवर चढून बसला, तर त्याचं मन भरेपर्यंत त्यांनी सजदाच लांबवला.

या गोष्टी तिनं आधीही ऐकल्या होत्या. या वेळी तिच्या ध्यानात वेगळीच बाब आली. या तिन्ही ठिकाणी मूल गप्प झालेलं नाही. त्याला कुणी दटावलेलं नाही, बाहेर नेलेलं नाही. नमाजच मुलाच्या बेतानं लहान-मोठी झाली आहे. त्या दिवसापासून तिनं सिपाऱ्याचा हट्ट सोडला. दिवसाला एक पान, तेही धाकटी मांडीवर असली तर मोठ्यानं वाचायचं. मधला पाठीवर चढला तर चढू द्यायचं. ओरडणं थांबलं असं नाही, पण तसबीह आता निदान मगरिबपर्यंत पुरते, असं ती हसून सांगते.

शांतता कुठे असते

घरातल्या दुसऱ्या पालकाचीही एक परीक्षा होती. रमजानमध्ये इशाच्या नमाजेनंतर तरावीह होते. वीस रकाती, सव्वा तासाची उभं राहण्याची कसोटी. वडील मशिदीतून दहाच्या सुमाराला परत यायचे, तोवर मुलं झोपलेली असायची. एका रात्री ते म्हणाले, "आज मस्जिद में बड़ा सुकून था."

आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "होगा ही. बच्चे इधर थे."

यावर भांडण झालं नाही, पण वाक्य लागलं. तरावीह सुन्नत आहे, तिचं मोल मोठं आहे. तिच्यासाठी मशिदीत जाता येतं ते घरी कुणीतरी मुलांपाशी थांबलेलं असतं म्हणून. दर तिसऱ्या रात्री वडील आता घरीच नमाज पढतात आणि मुलांना झोपवतात, म्हणजे त्या रात्री आईला तास-दीड तास स्वतःचा मिळतो. इफ्तारच्या आधी दुकानावर पोऱ्याला बसवून ते पाचलाच येतात, दोघा मोठ्यांना घेऊन बर्फ आणि केळी आणायला जातात. कलिंगड, पपई, पेरू कापण्याचं काम त्यांचं. धाकटीला पाच ते सहा शेजारच्या काकू घेऊन जातात. "तुमची देवाची वेळ असते ना ती," एवढंच त्या म्हणतात. अस्र आणि मगरिबच्या मधला तो एक तास या घरातली सगळ्यात मोठी बरकत आहे.

मुलांनी रोजा कधी धरावा

मोठीनं या वर्षी हट्ट धरला की मला पूर्ण रोजा ठेवायचा आहे. वर्गातल्या एका मुलीनं ठेवला होता, तिला हार घातले होते आणि तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता.

मुलाच्या पहिल्या रोज्याच्या या समारंभाला रोजाकुशाई म्हणतात. नवे कपडे, फुलांचे हार, नातेवाइकांना इफ्तारची दावत, मुलाच्या हातात भेटवस्तू आणि थोरांची दुआ. काही उर्दू दैनिकांत पहिला रोजा ठेवणाऱ्या मुलांचे फोटो कौतुकानं छापले जातात. हौस म्हणून ही गोष्ट गोड आहे. पण अलीकडे तिच्यात चुरस शिरली आहे. कुणाच्या मुलानं आठव्या वर्षी ठेवला, कुणाच्या सातव्या, आता सहा वर्षांच्या मुलांचेही स्टेटस दिसतात. मुलाचं वय जितकं कमी तितकं आईबापांचं कौतुक जास्त.

शरीअतचा नियम याबाबत सरळ आहे. रोजा बालिग, म्हणजे वयात आलेल्या माणसावर फर्ज आहे. लहान मुलावर तो नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला तर खुद्द कुरआनानं सवलत दिली आहे आणि नंतर भरपाई करायला सांगितलं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही रोजा पुढे ढकलता येतो. सवय लागावी म्हणून मुलांना थोडाथोडा रोजा ठेवायला लावण्याची रीत मात्र जुनी आहे. मदिनेच्या काळातल्या एका सहाबी स्त्रीची हकिगत हदीसमध्ये येते. आशुऱ्याच्या दिवशी त्या मुलांनाही रोजा ठेवायला लावत आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी बनवून ठेवत. मूल भुकेनं रडायला लागलं की ते खेळणं त्याच्या हातात द्यायचं आणि इफ्तारपर्यंत वेळ काढायचा.

या हकिगतीतली लोकरीची खेळणी आईला फार आवडली. मुलाला भूक लागणार, ते रडणार, हे त्या आयांनी आधीच धरून ठेवलं होतं. रडलं म्हणून मूल कमी पडलं असं त्यांना वाटलं नसावं.

दादीचं मत वेगळं होतं. "हम तो आठ साल के थे, पूरे तीस रोजे रक्खे," हे वाक्य घरात दर रमजानमध्ये ऐकू येतं. या वर्षी आईनं मोबाइलवर जुनं हिजरी कॅलेंडर काढलं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा तिथंच येतो. दादी आठ वर्षांची होती तो रमजान १९६४ च्या जानेवारीत सुरू झाला होता. आई आठ वर्षांची होती तेव्हा, १९९७ सालीही तो जानेवारीतच होता. दोघींचे पहिले रोजे थंडीतले, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत जेमतेम साडेबारा तासांचे. मोठी जन्मली त्या २०१८ सालात मात्र रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला होता. परभणीचं मे महिन्यातलं ऊन आणि सव्वाचौदा तासांचा रोजा. त्या वर्षी बाळंतीण असल्यानं आईनं रोजे ठेवले नव्हते, थंडीत त्यांची कजा केली होती. आताचा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लागला. दिवस तेरा तासांचा आणि ऊन चढत जाणारं. पण २०३० साली रमजान जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. तेव्हा मोठी बारा वर्षांची असेल.

"म्हणजे अजून चार वर्षं थांबायचं?" मोठीनं विचारलं. तिला ते कबूल नव्हतं. शेवटी घरानं ठरवलं की एक रोजा, रविवारी, शाळा नसताना. बरं वाटलं नाही तर तिथंच सोडायचा.

दुसरं बिस्किट

दादीनं मात्र रोजाकुशाईचा घाट घातला. जिंतूरहून फुफी, पाथरीहून खाला, शेजारच्या काकू, मोठीच्या वर्गातली मैत्रीण. पंधरा-वीस माणसं. नवा शरारा शिवून आला. मोगऱ्याचा आणि गुलाबाचा हार आणून फ्रिजमध्ये ठेवला.

रविवारी सहरीला मोठी स्वतःच उठली. दहापर्यंत ती हवेत होती. बारा वाजता तिनं दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. जोहरची नमाज पढून झोपली. साडेतीनला उठली तेव्हा चेहरा उतरला होता, पण रोजा सोडायचा का असं विचारल्यावर तिनं मान हलवून नाही म्हटलं. स्वयंपाकघरात वीस माणसांची तयारी चालू होती. धाकटीला दूध-बिस्किट भरवायचं काम तिच्याकडे दिलं.

सव्वाचारला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अम्मी, भूल से कुछ खाए तो रोजा नै टूटता ना?"

विसरून खाल्लं-प्यालं तर रोजा मोडत नाही, हे इस्लामी शिकवणीत स्पष्ट आहे. आई म्हणाली, "नै टूटता."

"पूरा बिस्किट खाए तो?"

"भूल से खाए तो पूरा खाना खाए तो भी नै टूटता."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, "और याद आने के बाद दूसरा खाए तो?"

आईनं गॅस बंद केला. दादी बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती, तिच्या कानावर सगळं गेलं होतं. ती म्हणाली, "बच्ची है. भूल से ही खाई समझो. किसको मालूम होना है?"

दादीच्या बोलण्यात माया होती. पाहुणे दोन तासांत येणार होते, हार फ्रिजमध्ये होता, शरारा इस्त्री करून ठेवला होता. हो म्हटलं असतं तर संध्याकाळ सुरळीत पार पडली असती. आईसमोर पेच होता तो मुलीचा. खरं सांगितल्यावरही हार मिळतो आणि फोटो निघतो, तर त्या फोटोकडे ही मुलगी आयुष्यभर कशी बघेल? आणि खरं बोलल्याबद्दल चारचौघांत लाज वाटायची वेळ आली, तर पुढच्या वेळी ती दुसरं बिस्किट कुणाला सांगेल?

आईनं तिला जवळ घेतलं. रोजा तुझ्यावर फर्जच नाही, त्यामुळे गुनाह काहीच झालेला नाही, हे तिला आधी सांगितलं. पाणी पाजलं. रोजा ही माणसानं अल्लाहसाठी ठेवायची गोष्ट आहे. घरात कुणी नसताना, माठ समोर असताना, माणूस पाणी पीत नाही, कारण त्याचं त्याला ठाऊक असतं. तू ते मला येऊन सांगितलंस, म्हणजे रोज्याची अर्धी गोष्ट तुला आज कळली, असं ती म्हणाली. मग विचारलं, "अब शाम को क्या करना? तू बोल."

मोठी बराच वेळ रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "दावत होने दो. हार नक्को."

दावत झाली. मोठीनं शरारा घातला, पाहुण्यांना खजूर वाटले. फुफीनं विचारलंच, "हार कहाँ है? फोटो नै निकालना?" तांदूळ निवडताना किसको मालूम म्हणणारी दादीच पुढे झाली. "आज सब की दावत है," ती म्हणाली, "बच्ची का रोजा अगले इतवार को." फुफीनं एकदा नातीकडे आणि एकदा दादीकडे पाहिलं आणि भज्यांचं ताट पुढे सरकवलं. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

त्या रात्री दादी नातीच्या केसांना तेल लावत बसली होती. तेव्हा तिनं १९६४ च्या तीस रोज्यांची आणखी थोडी माहिती दिली. त्यातले पाच-सहा एका दाढेचे होते. ही बाब घरात कुणालाच ठाऊक नव्हती, दादीच्या मुलालाही नाही.

पुढचा रविवार

पुढच्या रविवारी कुणाला बोलावलं नव्हतं. मोठीनं रोजा ठेवला. दुपारी मैत्रीण आली, दोघी कॅरम खेळल्या. मैत्रिणीला आईनं जेवायला वाढलं तर ती म्हणाली, मी घरून जेवून आले, हिच्यासमोर कसं खाऊ? तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. पाचनंतरचा तास लांबला, तेव्हा वडिलांनी मोठीला स्कूटरवर बसवून गावातून चक्कर मारून आणली. लोकरीच्या खेळण्याचा हा परभणीतला अवतार.

अजान झाली. मोठीनं खजूर तोंडात टाकला, सरबताचा पेला दोन घोटांत संपवला आणि अर्धं केळं खाऊन तिथंच दस्तरख्वानावर झोपली. बिर्याणी तशीच राहिली. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या हारातला मोगरा काळवंडला होता. दादीनं तोच झोपलेल्या नातीच्या गळ्यात घातला. फोटो कुणी काढला नाही.

आईच्या मनात त्यानंतर रोजाकुशाईबद्दल राग उरला नाही, पण तिनं स्वतःपुरता एक नियम केला. मुलाचा पहिला रोजा आधी होऊ द्यायचा, पाहुणे नंतर बोलवायचे. दिवस ठरवून, माणसं बोलावून, कपडे शिवून आपण मुलाच्या भुकेवर सगळ्या घराची इज्जत टांगून ठेवतो. मग ते मूल दुपारी चार वाजता तहानलेलं असताना माघारी कसं फिरणार? मुलाला ताप असेल, जुलाब होत असतील, परीक्षा असेल, तर रोज्याचा विषयच काढायचा नाही. आणि मुलानं मध्येच सोडला तर त्याला चिडियाचा रोजा म्हणून तेवढंच कौतुक द्यायचं.

शाळेत शिकवताना तिला हे आता जास्त लक्षात येतं. पाढा चुकला की मूल कोपऱ्यातून हळूच बघतं, बाई रागावतात का. बाई रागावल्या की पुढच्या वेळी ते शेजारच्या वहीतून उतरवतं. घरातही मूल तसंच बघत असतं. रमजानमध्ये आईबाप सब्राबद्दल काय बोलतात यापेक्षा सरबताचा जग सांडल्यावर ते काय करतात, हे त्याच्या लक्षात राहतं. दिवसभर अन्नपाण्यावाचून राहणं मोठ्या माणसाला जमून जातं. सहाला दहा मिनिटं कमी असताना सांडलेलं सरबत न ओरडता पुसणं, त्याला मात्र बळ लागतं. ज्या महिन्यात माणसाला थकवा सगळ्यात जास्त असतो, त्याच महिन्यात मुलं त्याला सगळ्यात जवळून पाहतात. सगळं घर एका दस्तरख्वानावर, एका मिनिटाची वाट पाहत बसलेलं असतं. वर्षाच्या इतर दिवसांत कोण जेवताना मोबाइल बघतो, कोण दुकानातून उशिरा येतो. या तीस संध्याकाळी मात्र सगळे असतात.

ईदच्या आधी फितरा काढताना आईनं या वर्षी हिशेब मुलांना समोर बसवून केला. फितरा घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचा असतो, दुधपित्या बाळाचाही. रोजा न ठेवणाऱ्यांचाही भाग त्यात असतो, हे ऐकून मधला खूश झाला. त्याच्या आणि धाकटीच्या नावाचे पैसे त्यानं स्वतःच्या हातानं पाकिटात घातले.

मोठीनं त्या एका रोज्यानंतर दुसरा मागितला नाही, आणि कुणी तिला आठवणही करून दिली नाही. मधल्यानं मात्र काकूंकडे जाऊन जाहीर करून टाकलं आहे की पुढच्या रमजानला त्याचा रोजा दोन्ही दाढांचा असेल. "आणि पोहे?" काकूंनी विचारलं. त्यावर विचार चालू आहे.